सायलेन्सर लावूनही ग्रिलमधून सूं सूं येते. टर्ब्युलन्स थांबवता येतो का?

तालमीची_खोली

नमस्कार. गाण्याच्या तालमीसाठी आणि थोड्याफार रेकॉर्डिंगसाठी शेजारी-शेजारी दोन खोल्या केल्या आहेत. सगळं बंदिस्त, त्यामुळे हवेसाठी डक्ट टाकलाय. ब्लोअर बाहेर, रबराच्या पायांवर. तिथून ४०० बाय २०० मि.मी.चा चौकोनी मुख्य डक्ट, त्यात आवाज शोषणारा सायलेन्सर, पुढे दोन फाटे. प्रत्येक फाटा २०० मि.मी. गोल, शेवटी ३०० बाय १५० ची ग्रिल आणि ग्रिलच्या पाठीलाच हवा कमी-जास्त करायचा डॅम्पर. प्रत्येक खोलीत साधारण ४२५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा येते, असं बसवणाऱ्याने मोजून दिलं. दोन्ही डॅम्पर त्यानेच अर्धवट बंद करून ठेवलेत.

ब्लोअरजवळ उभं राहिलं तर विशेष काही ऐकू येत नाही. खोलीत मात्र सतत सूं सूं. माइक उघडला की माणसाच्या आधी तीच रेकॉर्ड होते. तिच्या खाली एक बारीकसा 'हूं' पण आहे असं वाटतं. फोनवरचं डेसिबल अॅप सुरू करून फोन ग्रिलमधून आत सरकवला तर आकडा ९० च्या वर गेला. खोलीच्या मध्यावर तोच फोन ४५ दाखवतो.

टर्ब्युलन्समुळे, म्हणजे हवेच्या खळबळीमुळे, आवाज होतो असं वाचलं. मग प्रवाह टर्ब्युलंट होऊच नये असं काही करता येतं का? हवा सरळ करणारी जाळी वगैरे? की आणखी एक सायलेन्सर टाकू?

पत्रा_आणि_रिव्हेट

डक्टला आतून २५ मि.मी. ग्लासवूलचं लायनिंग करून घ्या. वरून काळा टिश्यू असलेलंच घ्या, नाहीतर तंतू खोलीत येतील. बहुतेक तक्रारी तेवढ्यावर मिटतात.

पिटो_ट्यूब

लायनिंगला माझा विरोध नाही, पण इथे ते करणार कुठे? डॅम्पर ग्रिलच्या पाठीला चिकटलेला आहे. आवाज तिथे जन्मला तर त्याच्या आणि कानाच्या मधे लायनिंगला जागाच नाही. सायलेन्सरचंही तेच. सायलेन्सरच्या पुढे तयार झालेला आवाज सायलेन्सरला कधी भेटतच नाही. दुसरा टाकलात तर तोही मागेच बसेल, त्याच्या आतल्या पट्ट्यांमधली वाट अरुंद असली तर स्वतःची सूं सूं वर भर घालेल, आणि त्याचा अडथळा भरून काढायला ब्लोअर आणखी जोरात फिरवावा लागेल.

माझं काम डक्टमधली हवा मोजून खोल्याखोल्यांत वाटून देण्याचं, म्हणजे टेस्टिंग-बॅलन्सिंग. आवाजाची तक्रार आली की लोक आधी ब्लोअरकडे बोट दाखवतात. मी आधी डॅम्परचा दांडा किती फिरवलाय ते बघते.

तुमच्या प्रश्नाबद्दल. टर्ब्युलन्स थांबवता येणार नाही, तो नाद सोडा. ४२५ सीएफएम म्हणजे सेकंदाला ०.२ घनमीटर, २०० च्या गोल डक्टमध्ये त्याचा वेग होतो सेकंदाला ६.४ मीटर. रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाह शांत राहील की खळबळेल ते सांगणारा आकडा, ८५ हजारांच्या घरात. प्रवाह शांत, थरांथरांचा राहायला हाच अंक २३०० च्या खाली हवा, म्हणजे वेग सेकंदाला १७ सेंटीमीटर. तेवढ्या हवेत दोन गाणारे गुदमरतील.

पण तसं करायची गरजही नाही. सरळ, गुळगुळीत डक्टमध्ये ही खळबळ जवळजवळ मुकाट वाहत जाते. तिला एखादी कडा आडवी आली, म्हणजे डॅम्परचं पातं, ग्रिलची पट्टी, काटकोनी वळण, आत घुसलेलं स्क्रूचं टोक, की भोवरे त्या कडेवर आदळतात, तिच्यामागे नवे सुटतात आणि पत्र्यावरचा दाब क्षणाक्षणाला वरखाली होतो. त्या दाबाची हवेला बसणारी थरथर म्हणजे तुमची सूं सूं. भोवरे लहानमोठे, सगळ्या मापांचे, म्हणून एक सूर लागत नाही, सगळे सूर एकदम वाजतात.

आता तुमचा डॅम्पर. अर्धा बंद म्हणजे पात्यांमधल्या फटींतून हवा १२ ते १५ मीटरने सुटत असणार, आणि पुढच्या बोटभर अंतरावर ती ग्रिलच्या पट्ट्यांवर आपटते. नळाच्या तोंडावर अंगठा दाबल्यासारखंच. वेग दुप्पट झाला की अशा जागी आवाज १५ ते १८ डेसिबलने वाढतो. वेगाचा हा हिशोब फार निर्दयी आहे, पण उलट बाजूने तोच तुमच्या कामी येतो. फाटा २०० चा २५० केलात, म्हणजे व्यास फक्त सव्वापट, तर डक्टमधल्या त्याच फिटिंगचा आवाज दहाएक डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल म्हणजे कानाला साधारण निम्मा.

लोकांना वाटतं एवढा आवाज म्हणजे बरीच ऊर्जा असेल. डॅम्परवर ६० पास्कल दाब खर्च होतोय असं धरू. ०.२ गुणिले ६०, म्हणजे १२ वॅट नुसते भोवऱ्यांत जातात आणि शेवटी त्यांची ऊब होते. त्यातला एक मायक्रोवॅट जरी आवाज झाला, म्हणजे सव्वा कोटींतला एक हिस्सा, तरी तो ६० डेसिबलचा ध्वनिस्रोत झाला. शांत खोलीत तेवढा पुरेसा त्रास देतो. म्हणून दाब जिथे उधळला जातो ती जागा कानापासून लांब ठेवायची.

फोनचे ९० डेसिबल विसरून जा. वाऱ्यात माइक धरला की माइकवरच भोवरे आपटतात आणि तो त्यांचा दाब मोजतो. ते भोवरे हवेबरोबर वाहत जातात, आवाजासारखे सेकंदाला ३४० मीटरने पसरत नाहीत. खोलीपर्यंत त्यातलं फारसं काही पोचत नाही. डक्टच्या आत खरा आवाज मोजायचा तर माइकवर लांब, चीर पाडलेली नळी चढवतात. फोनचं ते काम नाही.

तर आधी एवढं करा. एका खोलीचा डॅम्पर पूर्ण उघडा आणि ऐका. मग ग्रिल काढून ऐका. दोन्ही वेळी ब्लोअरला हात लावू नका. आणि तो 'हूं' उरतो का ते सांगा. ब्लोअरची पाती किती, फेरे किती, तेही लिहा.

तालमीची_खोली

ताई, करून पाहिलं. डॅम्पर पूर्ण उघडल्यावर सूं सूं निम्म्याहून कमी झाली. ग्रिल काढल्यावर जवळजवळ गेलीच. पण हवा इतकी यायला लागली की स्टँडवरचे कागद उडाले, आणि शेजारच्या खोलीतली हवा कमी झाली.

'हूं' मात्र उरला, उलट आता जास्त स्पष्ट ऐकू येतो. स्पेक्ट्रमच्या अॅपमध्ये ९६ ते १०० हर्ट्झच्या मधे टोक दिसतं. ब्लोअरची पाती ६, पाटीवर मिनिटाला ९६० फेरे, म्हणजे सेकंदाला १६. ६ गुणिले १६, बरोबर ९६. पण एक शंका आहे. चौकोनी डक्टमध्ये सायलेन्सरनंतर आडवी १० मि.मी.ची सळई आहे, पत्रा धडधडू नये म्हणून घातलेली. तिच्यामागे सुटणाऱ्या भोवऱ्यांचा हिशोब मी ०.२ गुणिले वेग भागिले जाडी असा केला. तिथे वेग ५ मीटर येतो, म्हणजे १०० हर्ट्झ! आता दोघांतला चोर कोण?

आठवा_घात

मस्त योगायोग आहे. माझं पैज लावून मत: ब्लोअर.

सळईमागे भोवरे आळीपाळीने एकदा वरून, एकदा खालून सुटतात, म्हणून सळईला १०० हर्ट्झचा झटका बसतो तो प्रवाहाला आडवा. डक्टमध्ये मात्र कमी कंप्रतेला फक्त सपाट लाट पुढे सरकू शकते, जिच्यात हवा डक्टच्या लांबीला धरून मागेपुढे हलते. आडव्या झटक्यातून ती लाट तयार होत नाही. आडव्या लाटा पुढे जायला कंप्रता एका हद्दीच्या वर लागते. ४०० मि.मी. रुंदीला ती हद्द ध्वनिवेग भागिले दुप्पट रुंदी, म्हणजे सुमारे ४३० हर्ट्झ. १०० हर्ट्झची आडवी थरथर सळईजवळच विरते. प्रवाहाच्या दिशेचा झटका बसतो तो दुप्पट कंप्रतेने, २०० ला, आणि तो बराच क्षीण असतो.

ताईंच्या '१५ ते १८' मागेही हेच आहे. लाइटहिल या गणितज्ञाने १९५२ साली दाखवलं की मोकळ्या खळबळीतून निघणारी ध्वनिशक्ती वेगाच्या आठव्या घाताने वाढते. त्याच्या डोळ्यांसमोर जेट होतं. कर्लने १९५५ मध्ये त्यात घन पृष्ठभाग आणला आणि घात सहावा झाला. घात लहान म्हणजे आवाज लहान असं वाटेल, पण कमी वेगाला नेमकं उलटं होतं: तुमच्या ६.४ मीटरला वेग आणि ध्वनिवेग यांचं गुणोत्तर ०.०१९ आहे, आणि मोकळी खळबळ पातं आडवं आलेल्या खळबळीच्या तुलनेत साधारण त्या गुणोत्तराच्या वर्गाइतकी मागे पडते. हजारो पटींचा फरक. सरळ डक्ट मुकाट का, ते इथे कळतं. डक्टमध्ये तर वर सांगितलेल्या हद्दीच्या खाली घात चौथ्यावर येतो आणि वर पुन्हा सहावा होतो. नेल्सन आणि मॉर्फी यांनी १९८१ मध्ये डक्टमध्ये पट्ट्या घालून ते मोजून दाखवलं. म्हणून वेग कमी केलात की सिसकारा भराभर उतरतो, घरघर रेंगाळते.

पिटो_ट्यूब

सिद्धांत पटला, तरी दोन मिनिटांची चाचणी आहे ती करूनच टाका. ब्लोअर त्याच फेऱ्यांवर ठेवा आणि त्याच्या हवा ओढायच्या तोंडावर पुठ्ठा धरून ते अर्धं झाका. हवा कमी होईल, फेरे जवळपास तेच राहतील. 'हूं'चा सूर खाली घसरला तर सळई. सूर तिथेच राहून फक्त जोर बदलला तर पाती. फेरे कमी करून ऐकण्यात अर्थ नाही, त्यात दोन्ही सूर सोबतच उतरतात.

पाती निघाली तर आश्चर्य वाटायला नको. सायलेन्सर उंच सूर चांगले खातो. १०० हर्ट्झच्या खाली त्याच्या ग्लासवूलची जाडी लाटेपुढे काहीच नसते. शिवाय चौकोनी डक्टचा सपाट पत्रा अशा सुरांना फुगत-दबत वाट करून देतो, तो आवाज वाटेतूनच छतात उतरतो. गोल डक्ट त्या बाबतीत बराच ताठ.

आता मूळ दुखणं. दोन्ही डॅम्पर अर्धे बंद असताना दोन्ही खोल्यांना हवी तेवढी हवा मिळते, याचा सरळ अर्थ ब्लोअर गरजेपेक्षा जास्त दाब देतोय आणि तो दाब तुम्ही ग्रिलच्या तोंडाशी जाळताय. हे काम मला सगळ्यात जास्त खटकतं. बसवणाऱ्याला घाई असते, डॅम्पर आवळला की आकडा जुळतो, सही होते. पुली बदला नाहीतर मोटरचे फेरे कमी-जास्त करणारा व्हीएफडी लावा, आणि फेरे वीस टक्के उतरवा. दाब वर्गाने उतरतो, म्हणजे पूर्वीच्या ६४ टक्क्यांवर येतो, ब्लोअरचा स्वतःचा आवाज पाचेक डेसिबलने घटतो आणि डॅम्पर उघडून हवा परत मिळवता येते. 'हूं' ९६ वरून ७७ वर जाईल. तिथे कान आणखी मठ्ठ असतो.

मग ग्रिलमागचा डॅम्पर काढून टाका. तो फाट्याच्या सुरुवातीला, जिथून २०० चा फाटा फुटतो तिथे बसवा. तिथून ग्रिलपर्यंत निदान दीड-दोन मीटर २५० चा डक्ट, आणि *आता* त्याला लायनिंग करा. पत्रा-रिव्हेट म्हणतात ते इथे शोभेल, कारण आवाज करणारी वस्तू आता मागे आहे. शेवटी आतून लायनिंग केलेला एक प्लेनम बॉक्स, म्हणजे हवा संथ करणारी रुंद पेटी, आणि मोठी ग्रिल. रेकॉर्डिंगच्या खोलीत ग्रिलच्या मोकळ्या जागेतून वेग २ मीटरच्या आसपासच हवा. ०.२ भागिले २, म्हणजे ०.१ चौरस मीटर मोकळी जागा. पट्ट्यांची जाडी धरून ६०० बाय २५० ची ग्रिल लागेल. सध्याची ३०० बाय १५० ची बघून मला हसूच आलं, रागावू नका.

हवा सरळ करणारी जाळी टाकू नका. जाळी म्हणजे आणखी शंभर कडा. वेग उतरल्यानंतर, प्लेनमच्या तोंडाशी, प्रवाह एका बाजूला झुकतोय असं दिसलं तर बघू.

तालमीची_खोली

पुठ्ठ्याची चाचणी झाली. टोक ९६ वरून हललं नाही. पुली बदलायला माणूस येतोय. प्लेनमपर्यंतचा शेवटचा तुकडा तो फ्लेक्झिबल डक्टचा करू म्हणतो, चालेल?

पत्रा_आणि_रिव्हेट

चालेल, सगळे करतात.

पिटो_ट्यूब

चालेल, पण पूर्ण ताणून आणि सरळ. सैल सोडला की आतून सुरकुत्या पडतात आणि प्रत्येक सुरकुती हवेला आडवी येते. ग्रिलच्या किंवा हवा पसरवणाऱ्या डिफ्यूझरच्या गळ्याशीच वाकवला तर हवा एका कडेला चेपून आत शिरते आणि त्याच डिफ्यूझरचा आवाज १२ ते १५ डेसिबलने वाढू शकतो. छताच्या आत गेल्यावर तो कोणाला दिसत नाही, म्हणून छत बंद करायच्या आधी स्वतः टॉर्च घेऊन बघा, आणि क्लॅम्प आवळताना तिथेच उभे राहा.