प्रति: 'सीक्रेट ऑफ माना 2' गेला कुठे?

जुन्या अमेरिकन मासिकांत 'सीक्रेट ऑफ माना 2' ची चित्रं दिसतात, पण त्या नावाचा व्हिडिओ गेमच सापडत नाही, असं वर विचारलंय. तो खेळ म्हणजे 'सेइकेन देन्सेत्सु 3'. सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या गेम-यंत्रावर 30 सप्टेंबर 1995 ला जपानात आला. अधिकृत इंग्रजी आवृत्ती थेट 2019 मध्ये, 'ट्रायल्स ऑफ माना' या नावाने. तोवर चाहत्यांनी 2000 साली काढलेल्या भाषांतर-पॅचवरच (मूळ खेळातला मजकूर बदलणाऱ्या फाइलवरच) भागवावं लागलं.

अशा पानांवरच्या मथळ्यावर विसंबू नका, ते नाव पुष्कळदा अंदाजाने छापलेलं असे. आधी चित्रातली संवादाची चौकट बघा. जपानी अक्षरं असतील तर चित्र मूळ आवृत्तीचं, इंग्रजीकरण झाल्याचा तो पुरावा नव्हे. कार्ट्रिजची (खेळ साठवलेल्या डबीची) क्षमता दिली असेल तर ती मेगाबिटमध्ये असते, 8 ने भागा: या खेळाचे 32 मेगाबिट म्हणजे 4 मेगाबाइट.

खरा घोळ 'फायनल फँटसी' या खेळमालिकेच्या आकड्यांचा. अमेरिकेत चौथा भाग 1991 मध्ये 'II' म्हणून आणि सहावा 1994 मध्ये 'III' म्हणून विकला गेला. पाचवा जपानात डिसेंबर 1992 चा, अमेरिकेत मात्र 1999 पर्यंत नाहीच. म्हणून 1993 च्या आसपासच्या अंकात 'III' दिसलं, तर सोळा-बिट (सुपर फॅमिकॉमच्या पिढीच्या) चित्रांत पात्रांचे पेशे बदलायचा मेनू आहे का ते तपासा. असेल तर तो पाचवाच. अंकावरचा महिनाही प्रत्यक्ष विक्रीच्या पुढचा असायचा, तेव्हा बातमी त्याहून जुनी धरा.