लातूरचं जुनं घर घ्यावं का?

लेकरांच्या शाळेजवळ घर मिळतंय. मंजूर नकाशात दोनच खोल्या. मागची न्हाणी अन् वरची पत्र्याची खोली मालकानं नंतर वाढवली. मला वर स्लॅब टाकायचाय, पण जिन्याखालच्या भिंतीत बोट जाईल एवढी भेग आहे. कराची पावती आहे. इसार देऊ का?

— दादा, कर बेकायदा बांधकामालाही लागतो, पावती म्हणजे परवानगी नव्हे. महापालिकेतून मंजूर नकाशाची नक्कल काढा.

— इसारपावतीत लिहून घ्या: वाढीव बांधकाम नियमित झालं नाही तर पैसे परत.

— मी किल्लारीकडचा. 1993 च्या भूकंपात दगडमातीच्या भिंती अन् माळवदं माणसांवर कोसळली. त्या भेगेवर स्लॅब नकोच. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, हात जोडतो.

— दाखवतो काका. तोवर इसार थांबवलाय.