शब्दचर्चा: ‘गुड ट्रबल’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न:

आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी जॉन लुईस यांच्यावर पानभर मजकूर लिहिते आहे. १७ जुलै हा त्यांचा स्मृतिदिन. अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या ट्रॉय गावाजवळ, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या घरात ते जन्मले. विशीत कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यात उतरले, त्या काळात चाळीसहून जास्त वेळा अटक झाली. पुढे १९८७पासून २०२०मध्ये जाईपर्यंत जॉर्जिया राज्याचे खासदार होते. अडलं आहे ते त्यांच्या दोन शब्दांपाशी. तरुणांना ते नेहमी सांगत की ‘गुड ट्रबल’मध्ये पडा, ‘नेसेसरी ट्रबल’मध्ये पडा. ‘चांगला त्रास’ अगदीच चुकतं. त्रास आपल्याला होतो, हा तर त्यांनी आपण होऊन ओढवून घेतला.

उत्तर:

‘न्याय्य संघर्ष’ चालेल का?

उत्तर:

अर्थ बरोबर आहे, पण तो भाषणातला शब्द झाला. लुईस यांचा शब्द घरातला आहे. गोऱ्यांसाठी वेगळं, काळ्यांसाठी वेगळं, असे फलक लहानपणी पाहून त्यांनी घरी विचारलं, असं का? आईवडिलांचं म्हणणं एकच, मध्ये पडू नकोस, ट्रबलमध्ये सापडू नकोस. हे वाक्य आपल्याकडे घरोघरी आहे: ‘नसत्या भानगडीत पडू नकोस.’ पोरगं जिवंत घरी यावं म्हणून सांगितलेलं. तेव्हा भाषांतरात आईवडिलांचाच शब्द राहायला हवा, कारण लुईस तोच उचलून उलटा करतात.

यातला ‘नसता’ बघा. नसता उद्योग, नसती उठाठेव, नसता ताप. जे नसलं तर काही बिघडत नाही, ते नसतं. आणि लुईस म्हणतात, ही भानगड झाली नाही तर बिघडेल. त्यांचं ‘नेसेसरी’ म्हणजे आपल्या ‘नसत्या’ला दिलेलं उत्तर आहे.

उत्तर:

ताई, ‘भानगड’ला माझा विरोध. त्यात लपवाछपवीचा वास आहे. ‘त्यांची काहीतरी भानगड आहे’ म्हटलं की माणसं आवाज खाली आणतात. लुईस यांनी सगळं उजेडात केलं. ‘पंगा’ही नको, त्यात खुमखुमी येते. ‘कुरापत’ तर नकोच, मार खाऊनही हात न उचलणाऱ्यांना तो शब्द लावता येणार नाही.

उत्तर:

काका, ‘भानगड असणे’ आणि ‘भानगडीत पडणे’ यांत फरक आहे. पहिल्यात गुपित असतं, दुसऱ्यात फक्त ओढवून घेतलेली अडचण. ‘मी त्या भानगडीत पडत नाही’ हे आपण आयकराच्या फॉर्मबद्दलही म्हणतो.

मी ‘हक्काची भानगड’ सुचवेन. ‘हक्काचं घर’, ‘हक्काचा माणूस’ म्हणताना ‘आपलं, कुणी हिरावू नये असं’ हा अर्थ असतो. शिवाय इथे तो शब्दशः लागू आहे. आंतरराज्य बसप्रवाशांच्या स्थानकांतला वर्णभेद बेकायदा असल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६०मध्येच दिला होता. मे १९६१मध्ये लुईस साउथ कॅरोलायनातल्या रॉक हिल गावी बसमधून उतरले आणि गोऱ्यांच्या प्रतीक्षालयाकडे निघाले. दारातच त्यांना मारहाण झाली. कायदा त्यांच्या बाजूने होता, तरी आत पाऊल टाकणं हीच भानगड ठरली. (मारणाऱ्यांपैकी एक जण २००९मध्ये त्यांच्याकडे माफी मागायला आला. लुईस यांनी ती दिली.)

आपल्याला हे ओळखीचं वाटतं ते महाडमुळे. नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव १९२४मध्ये केला होता. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून हजारोंनी त्या पाण्याची ओंजळ भरली तेव्हा कुठे तो ठराव कागदावरून पाण्यापर्यंत पोचला, आणि त्याच दिवशी लोकांनी मार खाल्ला.

उत्तर:

एक नागपूरची आठवण नोंदवते. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातल्या विद्यार्थ्यांना अहिंसेचे धडे देणारे जेम्स लॉसन त्याआधी तीन वर्षं नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. गांधींचा सत्याग्रह त्यांनी तिथे राहून अभ्यासला. त्यांच्या वर्गात मुलं एकमेकांना शिव्या देऊन, ढकलून सराव करत, की खऱ्या वेळी हात उठू नये. त्या मुलांत लुईस होते. १९६०मध्ये ही मुलं फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या खानावळींच्या काउंटरपाशी जाऊन बसली. या ‘सिट-इन’ला माझ्या मते ‘ठिय्या’च. ‘धरणं’ दाराबाहेर धरतात, हे आत जाऊन, जेवण मागून बसले होते.

प्रश्नकर्ती:

ठिय्या घेतला. ‘हक्काची भानगड’ही घेते. काकांची शंका मनात आहे, म्हणून ‘नसत्या भानगडीत पडू नकोस’ हे आईवडिलांचं वाक्य आधी देईन, म्हणजे शब्द कुठून आला ते वाचणाऱ्याला दिसेल.

‘तयारी’ हा साधा शब्दही आता मला वेगळा ऐकू येतो. ७ मार्च १९६५ला अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर सहाशेच्या आसपास माणसं मतदानाच्या हक्कासाठी निघाली, पुढे पंचवीस वर्षांचे लुईस. पोलिसांच्या दंडुक्याने त्यांच्या कवटीला तडा गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला. मार्चमधल्या त्या सकाळी अटक होणार हे धरूनच ते घराबाहेर पडले होते. पाठीवरच्या पिशवीत दोन पुस्तकं, एक सफरचंद, एक संत्रं, दात घासायचा ब्रश आणि पेस्ट. भित्तिपत्रकावर चित्र या पिशवीचं काढायला सांगितलं आहे.