वाचनसंकल्पात पुस्तकांचा आकडा असावा का?

परभणीकर (मूळ मांडणी):
जानेवारीत वर्षभरात ५२ पुस्तके वाचण्याचा संकल्प करायचा आणि पावसाळा सरेपर्यंत तो मागे पडायचा, हे आता नेहमीचेच झाले आहे. माझा आक्षेप संकल्पाला नसून आकड्याला आहे. सरासरी अडीचशे पानांचे पुस्तक धरले, तर ५२ पुस्तकांची १३,००० पाने होतात, म्हणजे एकही दिवस न चुकता रोज ३५-३६ पाने. आपल्याकडे खरिपाची पेरणी चालू असताना किंवा सोयाबीनची काढणी-मळणी अंगावर आलेली असताना शेतकरी घरात इतकी उसंत कोणाला मिळते? मग डिसेंबरात ग्रंथालयाच्या कपाटापुढे उभे राहून पुस्तकाची जाडी चिमटीत धरून पाहिली जाते आणि मनात भरलेली सहाशे पानांची कादंबरी मुकाट्याने जागेवर ठेवून तिच्या शेजारचे बारीक पुस्तक उचलले जाते. याला वाचन वाढले असे म्हणायचे का?

लातूरची वाचक:
आपला हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मान्य नाही. ५२ झेपत नसतील तर १२ ठरवावीत, पण काहीतरी ठरवावेच. टक्केवारीच्या गावात राहत असल्यामुळे आकड्यांचा कंटाळा मलाही आहे. तरीही आकडा नसला की अवांतर वाचन 'परीक्षेनंतर पाहू' या सबबीखाली जाते आणि ती परीक्षा कधी संपतच नाही. बारीक पुस्तक उचलले तर बिघडले कुठे? ते वाचलेच ना?

अंबाजोगाईकर:
मुदत बांधून वाचणे आपल्याला नवे नाही. अखंड हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या सात दिवसांत, व्यासपीठचालकाच्या मागोमाग, सगळ्यांनी मिळून वाचल्या जातात. पहिल्या अध्यायात २७५ ओव्या आहेत, तर अठराव्यात १,८०० हून अधिक. त्यामुळे रोजचा वाटा ठरवताना अध्याय मोजून भागत नाही, ओव्या पाहाव्या लागतात. तसेच संकल्पातही पुस्तकांऐवजी पाने मोजली, तर परभणीकरांनी सांगितलेली चिमटीची मोजणी आपोआप थांबेल. शेतीकामाची अडचण खरी आहे, पण संकल्पाचे वर्ष जानेवारीतच सुरू झाले पाहिजे असे कोणी सांगितले? रब्बीची पेरणी आटोपली की सुरू करावे आणि मृगापर्यंत मोठा वाटा उरकून घ्यावा.

परभणीकर:
काका, सप्ताहाचे उदाहरण माझ्याच बाजूने जाते. तेथे तोच ग्रंथ वर्षानुवर्षे वाचला जातो आणि त्यात कोणाला उणेपणा वाटत नाही. संकल्पाच्या यादीत मात्र दुसऱ्यांदा वाचलेले पुस्तक बहुतेक जण धरतच नाहीत, कारण आकड्याला रोज नवे नाव हवे असते.

लातूरची वाचक:
मी धरते. वहीत त्याच नावापुढे नवी तारीख घालते आणि त्याला पुढचा अनुक्रमांक देते. माझ्या यादीवर देखरेख करायला कोणी बसलेले नाही. काकांची पानांची अट मात्र मला पटत नाही. ऐंशी पानांच्या कवितासंग्रहाला महिना लागू शकतो आणि रहस्यकथेची तीनशे पाने दोन रात्रींत संपतात. तेव्हा पाने मोजू लागलो, तर डिसेंबरात चिमटीत जाड पुस्तके सापडतील आणि कवितेला कोणी हात लावणार नाही.

अंबाजोगाईकर:
ताई, कवितेपुरती सूट द्यावी. मोजावे मात्र पानांनीच.