मदत हवी आहे: भाचा तोतरा बोलतो की घाईत शब्द गिळतो?

शाल्मली_क
भाचा 9 वर्षांचा, चौथीत आहे. अर्धे शब्द गिळतो, वाक्य मध्येच सोडून दुसरं सुरू करतो, कधी पहिलं अक्षर दोनतीनदा येतं. ‘सावकाश बोल’ म्हटलं की दोन वाक्यं स्वच्छ, पुन्हा तेच. आजी वेखंड चाटवा म्हणते. थेरपिस्टकडे नेण्याआधी घरी काय तपासून ठेवू?

टाकबोरू
वर्णनावरून क्लटरिंगचा, म्हणजे घाईत शब्द चेपून अस्पष्ट बोलण्याचा, संशय जास्त येतो. पण लगेच शिक्का मारू नका, दोन्ही एकत्रही असतं.

तोतरेपणात कोणता शब्द बोलायचाय ते पक्कं माहीत असतं, तो निघत नाही: ‘क-क-क-कपडे’, ‘ममममाझं’, किंवा ओठ घट्ट मिटलेले, आवाज बंद, मग एकदम ‘पाणी’. सोबत डोळे मिटणं, मानेला झटका. क्लटरिंगमध्ये शब्द अडत नाही, चेपला जातो. ‘करायला पाहिजे होतं’चं ‘कराय्पायतं’ होतं. वेग मध्येच उसळतो, भलत्याच जागी थांबणं होतं, आणि ‘म्हणजे ते आपलं, नाही, आधी क्लासला’ अशा दुरुस्त्या. मुलाला बहुधा पत्ताच नसतो. लक्ष देऊन बोललं की सुधारतं, ही मोठी खूण. तोतरेपणात मात्र टोकल्यावर अडखळणं बऱ्याचदा वाढतं.

मोबाइलवर तीन रेकॉर्डिंग करा: धडा वाचताना, गोष्ट सांगताना, भावंडांशी गप्पा मारताना. व्हिडिओच घ्या, चेहऱ्यावरचा ताण नुसत्या आवाजात कळत नाही. मग निदान 300 अक्षरं मोजा. लिहिलेली नव्हे, उच्चारलेली. ‘कपडे’ लिहायला तीन, उच्चारात ‘कप-डे’ दोनच. ‘क-क-क-कपडे’ म्हणजे दोनपैकी एक अडलेलं, कितीही वेळा आलं तरी एकच. ‘म्हणजे’, ‘ते आपलं’ यात धरू नका, वेगळे लिहा. शंभरात तीनच्या वर अडत असेल तर तोतरेपणा सहसा गंभीरपणे तपासतात.

गवाक्ष
वरच्या मोजणीत एक भोक आहे. मोठी मुलं अडणारा शब्द टाळायला शिकतात. ‘पप्पा’ अडतंय म्हणून ‘बाबा’. आकडा छान कमी येतो आणि त्रास तसाच. हजेरीला किंवा स्वतःचं नाव सांगताना काय होतं ते बघा, तिथे शब्द बदलता येत नाही.

क्लटरिंग निघालंच तर नुसतं ‘हळू बोल’ पुरत नाही, परिणाम काही वाक्यांपुरताच टिकतो. रेकॉर्डिंग त्यालाच ऐकवून ‘कुठला शब्द कळला नाही?’ विचारा. वाचनाच्या पानावर पेन्सिलने थांबायच्या जागी रेघा मारा. लांब शब्द बोटाने टेबलावर टिचकी मारत, एकेक अक्षर पूर्ण म्हणून घ्या. तोतरेपणा असेल तर यातलं काही स्वतःहून करू नका. वाक्य पुरं करून देऊ नका, डोळ्यांत बघत वाट बघा.

शाल्मली_क
धन्यवाद. कुणाला दाखवायचं? आणि वेखंडाचं काय?

टाकबोरू
बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी (वाचा-श्रवण विषयातल्या पदव्या) झालेले, आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेले वाक्-तज्ज्ञ. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाचा-श्रवण संस्था आहे. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं सरकारी केंद्र) असेल तर तिथे 18 वर्षांपर्यंत मोफत तपासतात. श्रवणचाचणीही करून घ्या. तोतरेपणा जीभ जड असल्याने होत नाही, त्यामुळे वेखंडाने काही सुटणार नाही. शिवाय त्यात बीटा-असारोन हे अपायकारक द्रव्य असतं, मुलाला रोज चाटवायची ती वस्तू नव्हे. आजींना व्हिडिओ काढायला बसवा, त्यांच्यापाशी तो मोकळा बोलेल.