‘मीम’ला मराठीत काय म्हणावं?

पोटभाडेकरू: एका लेखाचा अनुवाद करतोय. त्यात ‘मीम’ जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्सच्या मूळ अर्थाने आलंय. नकलेतून माणसामाणसांत पसरणारी आणि पसरता पसरता बदलणारी कुठलीही गोष्ट: सुरावट, पेहरावाची फॅशन, मडकी घडवायची रीत. संपादकबाई म्हणतात, ‘मीम’ लिहिलंत तर लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवरची चित्रंच आठवतील. ‘रूढी’ फारच बसकी वाटते.

खडूसकाका: ‘अनुकृती’ लिहा. डॉकिन्सने १९७६ मध्ये ग्रीक मुळावरून आलेलं ‘मिमीम’ छाटून, ‘जीन’शी (म्हणजे जनुकाशी) जुळेल असं ‘मीम’ केलं. अर्थ तोच.

रानवारा: काका, अनुकृती म्हणजे संग्रहालयातल्या मूर्तीची प्लास्टरची प्रत. आपलं ‘लोण’ काय वाईट आहे?

खडूसकाका: लोण दंगलीचं पसरतं, साथीचं पसरतं.

रानवारा: ‘सार्वजनिक गणेशोत्सवाचं लोण गावोगाव पोचलं’ असं निबंधात लिहून मार्क मिळवलेत मी!

सूरपाटी: मूळ आट्यापाट्यांत. शेवटची पाटी ओलांडून गडी परत फिरला की तो लोण घेऊन येतो, वाटेत पाटीपाटीवर अडवणारे उभे असताना. कबड्डीत मात्र अख्खा संघ बाद झाला की लोण, वर जादा २ गुण. मैदान बदललं, शब्द तोच, अर्थ भलताच. हेच की तुमचं मीम!

लिंबूटिंबू: लोण म्हणजे मीठ, लवण. लिंबलोण, लोणचं, लोणार, लोणी...

खडूसकाका: लोणी ‘नवनीत’वरून. उगाच मिठात घालू नका.

पोटभाडेकरू: लोण पसरण्याला म्हणतात हो. मला पसरणाऱ्या वस्तूला नाव हवंय. ‘उपासाला साबुदाणा चालतो’ ही समजूतच घ्या. साबुदाण्याचा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तरी एकादशीला घरोघर खिचडी. या समजुतीला काय म्हणू?

रानवारा: ‘टूम’! टूम निघते, चालते, जुनी होते.

खडूसकाका: टूम चार दिवसांची असते. आणि साबुदाणा उपासाचा नव्हेच. वरी खावी.

सूरपाटी: वरी नाही, भगर.

लिंबूटिंबू: आमच्याकडे वरीचे तांदूळच म्हणतात. खिचडीत कोथिंबीर चालते का पण?

खडूसकाका: अजिबात नाही.

रानवारा: आमच्याकडे चालते, हळद चालत नाही.

पोटभाडेकरू: मंडळी, शब्द? निदान ते मीम की तो मीम, एवढं तरी सांगा.

लिंबूटिंबू: आमची मुलं ‘ती मीम’ म्हणतात. काका, जिरं तरी?