युरिक ॲसिड नॉर्मल आलं म्हणजे सुटलो असं नाही

कोणीतरी लिहिलंय की गुडघा टम्म सुजला, ताप आला पण युरिक ॲसिड नॉर्मल म्हणजे गाउट (युरिक ॲसिडचे बारीक खडे सांध्यात साचून येणारी सूज) नाहीच, साधी संधिवाताची गोळी घ्या. अहो थांबा जरा! एक तर गाउटच्या अटॅकमध्येही ते नॉर्मल येऊ शकतं, आणि दुसरं म्हणजे साठीनंतर असा एकदम गुडघा किंवा मनगट धरलं तर स्यूडोगाउट डोक्यात यायला हवं, यात युरिक ॲसिडचा संबंधच नसतो, सांध्यात कॅल्शियम पायरोफॉस्फेट नावाच्या क्षाराचे बारीक खडे असतात.

आमच्या आईचं असंच झालेलं. एक्स-रेत कूर्चेमध्ये (सांध्यातल्या हाडांवरच्या मऊ गादीत) पांढरी बारीक रेघ दिसत होती, पण ती रेघ बऱ्याच म्हाताऱ्या माणसांत काही त्रास नसतानाही दिसते, म्हणून डॉक्टरांनी सुईने सांध्यातलं पाणी काढलं. गढूळ पिवळट होतं. ते पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली (खास प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली) बघतात, गाउटचे खडे सुईसारखे टोकदार आणि चांगले चमकणारे, स्यूडोगाउटचे मात्र आखूड, चौकोनी-तिरपे, फिक्कट, घाईत बघितलं तर सुटतात. त्याच पाण्याचं कल्चरही (त्यात जंतू वाढतात का ही तपासणी) करायला सांगा, कारण इन्फेक्शन अगदी असंच दिसतं आणि कधी कधी दोन्ही एकत्र असतं.

पेशंट साठीच्या आतला असेल तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), पॅराथायरॉइड (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) तपासून घ्या. आणि हो, कॅल्शियमचं नाव ऐकून दूध बंद करू नका, खाण्यातल्या कॅल्शियमने हे होत नाही.